रंगकामापूर्वी स्प्लिट एसी भिंतीवरून उतरवावा का, आणि उतरवल्यास गॅस वाया जातोच का?

त्रिमूर्तीनगरवासी (प्रश्न)

नमस्कार. आमची सदनिका नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात दुसऱ्या मजल्यावर असून दिवाळीपूर्वी शयनगृहाला रंग द्यायचा आहे. खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीवर २०१९ च्या उन्हाळ्यात बसवलेला दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे. त्याच्या उजव्या टोकाखाली, म्हणजे जिथून पाइप भिंतीत शिरतात त्या बाजूला, हातभर लांबीच्या पट्ट्यात रंगाचे पोपडे सुटले आहेत. तेथे बोट दाबले की पुट्टीचा ओलसर भुगा नखाखाली भरतो. उरलेली भिंत मात्र खणखणीत आहे.

पेंटरचे म्हणणे असे, की एसी काढून दिला तरच तो मागची भिंत खरवडून नीट करील, अन्यथा कामाची हमी देणार नाही. एसीच्या मेकॅनिकला बोलावले, तर त्याने काढणे, पुन्हा बसवणे आणि गॅस नव्याने भरणे अशा तिन्ही गोष्टींचे वेगवेगळे पैसे सांगितले. त्यातील गॅसचा आकडा सर्वांत मोठा होता. ‘एकदा एसी काढला की गॅस जातोच’, हे त्याचे वाक्य मला पटले नाही, परंतु त्याला उत्तर देण्याइतके ज्ञानही माझ्यापाशी नाही. शेजारी सांगतात, की प्लॅस्टिक गुंडाळून भोवताली रंग मारून घ्यावा आणि उगाच उपद्व्याप करू नयेत.

एसी खरोखर उतरवण्याची गरज आहे का, आणि उतरवल्यास आतला गॅस राखता येतो का, हे कृपया जाणकारांनी सांगावे. वापरलेला गॅस आर-३२ असल्याचे बाहेरच्या युनिटवरील पट्टीवर लिहिलेले आहे.

जुना_पाना

सव्वीस वर्षे याच धंद्यात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण पैसे तिथेच अडकलेले आहेत. एसी काढला की गॅस जातोच, हे चूक आहे. कॉम्प्रेसर चालू स्थितीत असेल आणि कुठे गळती नसेल, तर सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून तिथेच कोंडून ठेवता येतो. आम्ही याला ‘गॅस लॉक करणे’ म्हणतो, कागदोपत्री त्याचे नाव पंप डाउन. नव्या एसीत गॅस कारखान्यातूनच बाहेरच्या युनिटमध्ये भरून आणि कोंडून आलेला असतो, बसवणारा फक्त वाल्व्ह उघडतो. काढताना तेच उलट्या क्रमाने करायचे असते.

पद्धत अशी आहे. बाहेरच्या युनिटच्या बाजूला दोन वाल्व्ह असतात, एक पाव इंची बारीक पाइपवर आणि एक जाड पाइपवर. दोन्हींवरील पितळी टोप्या काढल्या की आत अॅलन कीचे षटकोनी खोबण दिसते. जाड वाल्व्हच्या बगलेतील तोंडाला गेज, म्हणजे दाब दाखवणारे मापक, जोडून एसी थंडाव्यावर, सर्वांत कमी तापमानावर लावून पाच-दहा मिनिटे चालू द्यावा. मग प्रथम बारीक वाल्व्ह पूर्ण बंद करावा. आता बाहेरून आत जाणारा द्रव थांबतो, पण कॉम्प्रेसर आतल्या युनिटमधला गॅस ओढतच राहतो आणि गेजचा काटा डोळ्यांदेखत खाली येऊ लागतो. तो शून्याच्या किंचित वर असतानाच जाड वाल्व्ह बंद करून लगेच वीजपुरवठा तोडावा. हे सगळे दोन-तीन मिनिटांत आटोपते. काटा शून्याखाली जाईपर्यंत वाट पाहत बसणारा मनुष्य शहाणा नव्हे, कारण तेव्हा एखाद्या ढिल्या जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाऊ शकते.

आर-३२ हा सौम्य ज्वलनशील वर्गातला गॅस आहे, म्हणून येथे विशेष काळजी घ्यावी लागते. कॉम्प्रेसर फिरत असताना कोणताही नट सैल करायचा नाही. हवा, तेल आणि गॅस यांचे मिश्रण कॉम्प्रेसरमध्ये दाबले गेले, तर तो फुटू शकतो, आणि अशा अपघातांत माणसे जखमी झालेली आहेत. तेव्हा ही रीत वाचून स्वतः पाना हाती घेऊ नये. मेकॅनिक काय करतो आहे ते आपल्याला समजावे, एवढ्यासाठीच हे लिहिले. तो गेज न आणता केवळ कानाने अंदाज घेत असेल, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

आता पहिला प्रश्न. केवळ रंगासाठी एसी पूर्ण उतरवण्याची गरज बहुतेक घरांत नसते. आतले युनिट पत्र्याच्या पट्टीवर टांगलेले असते. खालचे दोन खटके सोडवले, की त्याची खालची कडा भिंतीपासून चार-सहा इंच पुढे घेऊन मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवता येतो. वरची कडा पट्टीतच अडकलेली राहते, पाइप जागचे हलत नाहीत, आणि पेंटरचा ब्रश मागे बराच वर पोहोचतो. मात्र ज्यांच्याकडे पाइप भिंतीत झिरी मारून आखूड सोडलेले असतात, त्यांनी हे करू नये. तांब्याचा पाइप एकदा दुमडला की ती घडी पुन्हा सरळ होत नाही.

आपले प्रकरण मात्र रंगाचे नाही, ओलाव्याचे आहे. ओल कुठून येते हे कळल्याशिवाय काढा किंवा काढू नका, असे दोन्ही सांगणे घाईचे होईल. त्या भिंतीत कूलरची खिडकी आहे का? डाग केव्हा वाढतो, कूलर चालू असताना, पावसात, की एसी चालू असताना?

दुपारचा_कूलर

मी मेकॅनिक नाही, गृहिणी आहे. तरीही वरील प्रतिसादात न आलेली एक गोष्ट स्वतःच्या अनुभवावरून सांगते, कारण तिच्यामुळे आमचे दोनदा पैसे गेले.

गेल्या वर्षी प्रतापनगरच्या घरी रंगकाम काढले, तेव्हा आम्ही एसी उतरवला नाही, त्यावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून चिकटपट्टी लावली. इथपर्यंत ठीक होते. परंतु पुट्टीला पॉलिश पेपर मारण्याच्या दिवशी उकाडा इतका होता, की कारागिरांपैकी एकाने समोरचे प्लॅस्टिक वर सरकवून तासभर एसी चालवला. पेपर मारताना उडणारी पांढरी धूळ मैद्याहून बारीक असते आणि जाळीतून सहज पार जाते. आतली पत्र्याची पाती त्या वेळी थंड आणि ओली असतात, त्यामुळे ती धूळ तिथे बसली आणि तिचा लगदा झाला. आठ दिवसांनी नव्याकोऱ्या रंगावरून पाणी ओघळू लागले. मेकॅनिकने खालचे ताट उघडून दाखवले, तेव्हा पाणी जाण्याच्या तोंडाशी दह्यासारखा घट्ट पांढरा गोळा बसलेला होता. तो काढणे, सगळी पाती पंपाने धुणे आणि भिंतीचा तो भाग पुन्हा रंगवणे, असा तिहेरी खर्च झाला.

म्हणून माझा आग्रह असा, की एसी भिंतीवर ठेवणार असाल तर एमसीबी खाली पाडून त्यावर चिकटपट्टी लावावी, रिमोट कपाटात ठेवावा, आणि घासकाम संपून खोली ओल्या फडक्याने पुसून होईपर्यंत दोन्हीला कुणी हात लावू नये.

त्रिमूर्तीनगरवासी

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. विचारलेली माहिती देतो.

त्याच भिंतीत, एसीपासून सुमारे चार फुटांवर कूलरची खिडकी आहे खरी. पण जूनमध्ये पाऊस सुरू होताच आम्ही कूलर गच्चीवर ठेवून खिडकी प्लायने बंद करतो. डाग प्रथम दिसला तो जुलैच्या अखेरीस, आणि ऑगस्टमध्ये वाढला. त्या काळात रात्री एसी चालू असे आणि पश्चिमेकडून पावसाची झड येत असे, त्यामुळे दोहोंपैकी दोषी कोण हे मला ठरवता आले नाही. आठवडाभर बाहेरगावी होतो तेव्हा एसी बंद होता, पाऊस मात्र पडत होता. परत आलो तेव्हा डागाच्या कडा वाळलेल्या वाटल्या. आतल्या युनिटमधून खोलीत पाणी कधीही गळलेले नाही.

गिलावा

मी रंगकाम आणि दुरुस्तीची छोटी कंत्राटे घेतो. आपण दिलेल्या माहितीवरून कूलर सुटला असे म्हणता येईल. एसी बंद असताना पाऊस पडूनही डाग वाळला, म्हणजे पावसावरचा संशयही बराच कमी झाला. तरी तो साफ गेला असे मी म्हणणार नाही, कारण एसीच्या पाइपांसाठी पाडलेले भोक बाहेरून नीट बुजवलेले नसणे ही आपल्या शहरात सर्रास दिसणारी गोष्ट आहे. ते भोक आतून बाहेरच्या दिशेला किंचित उतरते असावे लागते. अनेकदा ते सरळ किंवा उलट उताराचे पाडलेले असते, आणि मग बाहेरच्या भिंतीवरचे पाणी पाइपाच्या अंगाने पाहुण्यासारखे आत येते.

पेंटरवर विसंबण्यापूर्वी घरच्या घरी दोन गोष्टी करून पाहाव्यात. डागाच्या जागेचे पोपडे काढून तेथे हातभर जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टी लावून हवाबंद बसवावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. भिंतीकडच्या बाजूने थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूने जमले तर खोलीतील दमट हवेचे पाणी तेथे धरते आहे, म्हणजे ती जागा गार पडते आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, एसी बंद ठेवून त्याच्या पुढच्या झाकणामागील ताटात तांब्याभर पाणी अगदी सावकाश ओतावे आणि दुसऱ्या माणसाला बाहेर ड्रेन पाइपच्या तोंडाशी उभे करावे. ओतलेले जवळजवळ सगळे पाणी दोन-चार मिनिटांत बाहेर यायला हवे. अर्धेच आले, तर उरलेले कुठे गेले हे सांगायला भिंत आहेच.

रंगाबाबत स्पष्ट सांगतो. ओल्या गिलाव्यावर कितीही भारी पुट्टी भरली तरी ती पहिल्याच पावसाळ्यात सुटते, आणि ओल दाबणारे म्हणून विकले जाणारे प्रायमर पाण्याचा उगम बंद करत नाहीत. भुगा होत असलेला भाग विटेपर्यंत खरवडावा, नव्याने गिलावा करावा, तो काही दिवस पाणी मारून पक्का करावा, आणि मग पंखा लावून पूर्ण वाळू द्यावा. यात तीन आठवडे सहज जातात. आपल्याला दिवाळी गाठायची असल्यास त्या दोन-तीन फुटांपुरते काम मागे ठेवून बाकीची खोली रंगवून घ्यावी आणि त्याच छटेचा लिटरभर रंग डब्यावरील क्रमांकासह राखून ठेवावा. पेंटरला हे आवडणार नाही, कारण त्याला पुन्हा यावे लागते.

जुना_पाना

गिलावा यांच्या पाण्याच्या परीक्षेत एक भर घालतो. पाणी पूर्ण बाहेर आले, तरी एसी निर्दोष ठरत नाही. एसी चालू असताना जाड तांब्याचा पाइप बराच गार असतो. त्यावर काळ्या फोमची नळी चढवलेली असते ती त्यासाठीच. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते, की नळी जिथे फाटली असेल किंवा आखूड पडली असेल, तिथे उघड्या तांब्यावर थंड पाण्याच्या गडव्यासारखे घर्मबिंदू धरतात. हे जर भिंतीच्या आत घडत असेल, तर खोलीत थेंबही न पडता गिलावा रात्रभर भिजत राहतो. आपल्या वर्णनावरून मला हीच शक्यता अधिक वाटते. एसी बंद असताना डाग वाळणे, पाइपाच्याच बाजूला डाग असणे आणि आत गळती नसणे या तिन्ही गोष्टी तिच्याशी जुळतात.

तसे असेल, तर एसी उतरवावाच लागेल, आणि तो रंगासाठी नव्हे तर पाइपांसाठी. मेकॅनिकशी बोलताना पुढील गोष्टी आधीच ठरवून घ्याव्यात. गॅस गेज लावून लॉक करावा. आतल्या-बाहेरच्या युनिटमधील वायरींचे कोणत्या स्क्रूला कोणता रंग, असे छायाचित्र सोडवण्यापूर्वी काढावे, कारण इन्व्हर्टर मशीनमध्ये एक वायर जरी बदलली तरी दोन्ही युनिटांचे बोलणे तुटते आणि पडद्यावर एरर येऊन बसतो. वीज तोडल्यावरही बाहेरच्या युनिटच्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटे विजेचा दाब टिकतो, त्यामुळे लगेच आत हात घालू नये. नट सोडवताना दोन पाने वापरावेत, एकाने धरायचे आणि दुसऱ्याने फिरवायचे. एकाच पान्याने जोर लावला की पाइप पिळला जातो. सोडवल्या क्षणी चारही तोंडे टोप्यांनी, निदान घट्ट चिकटपट्टीने बंद व्हायला हवीत. या मशीनचे तेल हवेतली वाफ स्पंजासारखे शोषते.

परत बसवताना खरी परीक्षा असते. पाइपाचे जुने पसरवलेले टोक कापून नवे करावे. त्यानंतर व्हॅक्यूम पंप लावून आतल्या युनिटमधली आणि पाइपांतली हवा निदान अर्धा तास ओढावी, पंप बंद करून काटा जागचा हलत नाही हे पाहावे, आणि मगच वाल्व्ह उघडावेत. पंप आणण्याचा कंटाळा म्हणून थोडा गॅस सोडून त्याने हवा हाकलण्याची जुनी सवय अनेकांना आहे. आर-३२ च्या बाबतीत ती वाईटच, आणि आपलाच गॅस त्यात कमी होतो. शेवटी प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. हे सर्व केल्यावर गॅस भरायचा उरत नाही. थोडा कमी पडलाच, तर तो किती ग्रॅम घातला हे वजनकाट्यावर दाखवण्यास सांगावे. मूळ वजन बाहेरच्या पट्टीवर छापलेले असते.

हे काम आता, ऑक्टोबरात करणे सोयीचे आहे. हिवाळ्यात काढायचे म्हटले तर खोलीच इतकी गार असते, की थंडाव्यावर लावूनही एसीचा कॉम्प्रेसर सुरू होत नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी आपल्याकडे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, त्या आठवड्यात मी एका ग्राहकाकडे दुपारी दोनपर्यंत खोली तापण्याची वाट पाहत बसलो होतो.

त्रिमूर्तीनगरवासी

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. सुचवल्याप्रमाणे दोन्ही परीक्षा केल्या. तांब्याभर पाणी जवळजवळ पूर्ण बाहेर आले, पण प्लॅस्टिकच्या भिंतीकडील बाजूला दुसऱ्या सकाळी दाट थेंब होते. आधीच्या मेकॅनिकला गेज आणि व्हॅक्यूम पंप आणणार का असे विचारले, तेव्हा त्याने ‘त्याची गरज नसते’ असे उत्तर दिले, म्हणून दुसऱ्याला बोलावले. त्याने गॅस लॉक केला तेव्हा मी शेजारी उभा राहून काटा उतरताना पाहिला; बारीक वाल्व्ह बंद केल्यापासून एसी बंद करेपर्यंत दोन मिनिटेही लागली नाहीत.

युनिट खाली आल्यावर जे दिसले ते असे. जाड पाइपावरची काळी नळी भिंतीच्या भोकात चार बोटे शिरून संपली होती. पुढचा वीतभर तांबे उघडेच होते, आणि त्याच्या खालचा गिलावा नखाने उकरता येईल इतका मऊ झाला होता. पट्टीच्या उजव्या बाजूच्या दोन स्क्रूंपैकी एकाची गिट्टी, म्हणजे भिंतीत स्क्रू धरून ठेवणारी खुंटी, बोटाने ओढताच बाहेर आली. म्हणजे दहा-बारा किलोचे यंत्र इतके दिवस उरलेल्या स्क्रूंच्या भरवशावर आमच्या उशाशी टांगलेले होते. हे सौभाग्यवतींना मी अद्याप सांगितलेले नाही.

सध्या बाकीची खोली रंगवून झाली आहे आणि तेवढा चौकोन उघड्या विटांसह वाळतो आहे. एकच शंका उरली. पाइपांच्या तोंडांना मेकॅनिकने टोप्या बसवून वर चिकटपट्टी गुंडाळली आहे. गिलावा वाळायला महिना लागला, तर ते तसेच राहिलेले चालेल का?

जुना_पाना

टोप्या घट्ट असतील तर महिना काय, दोन महिनेही चालेल. फक्त आतले युनिट आडवेच ठेवा, उभे करून भिंतीला टेकवू नका. त्यावर सामान रचू नका. गिलावा करणाऱ्याला पाइपांच्या तोंडांपासून थापी दूर ठेवण्यास सांगा. सिमेंटचा एक खडा आत गेला तर तो काढायला मलाच बोलावाल. नव्या नळीची लांबी मात्र युनिट बसवण्यापूर्वी स्वतः मोजून घ्या. ती भिंतीच्या पलीकडे बाहेर दिसली पाहिजे.